पायलट्सची दुरुस्त फिल्म

गाडी लोखंडी हातांवर वर उचलली गेली तेव्हा नॉर्बर्ट चेश्लाक काचेच्या अलीकडून तिच्याकडे बघत होता. आपली गाडी खालून बघायला त्याला कधीच आवडलं नव्हतं. हिवाळ्यात रस्त्यांवर टाकतात त्या मिठाने खाल्लेलं, गंजलेलं ते पोट दुसऱ्या कुणी बघू नये असं काहीतरी वाटायचं. म्हणून त्याने मान फिरवली आणि फोन काढला. टायरच्या दुकानात वाट बघत बसलेली इतर माणसंही आपापल्या फोनमध्ये होती. नॉर्बर्टला बातम्या नको असत. त्याला बघायची असायची एकच फिल्म, तीही पूर्ण नाही. साऊथ बे पायलट्स या बिगुल-ढोल पथकाचा राज्य स्पर्धेतला खेळ, चाळीसहून जास्त वर्षांपूर्वीच्या एका ऑगस्टमधला. बोटाने तो सरळ तिसऱ्या गाण्यापाशी जाई. तिथे कॅमेरा बिगुलवाल्यांना सोडून उजवीकडे वळत असे, लाकडी बंदुका फिरवणाऱ्या मुलींकडे. आज जुनी फिल्म सापडली नाही. तिच्या जागी त्याच नावाची दुसरी होती आणि खाली लिहिलं होतं : नव्याने स्वच्छ केलेली. त्याने ती लावली आणि त्याला खरोखर आनंद झाला. इतकी वर्षं तपकिरी दिसणारं मैदान हिरवंगार झालं होतं. टोप्या पांढऱ्या होत्या, कोटाची बटणंसुद्धा दिसत होती. तिसरं गाणं सुरू झालं, कॅमेरा उजवीकडे वळला आणि पडद्यावर प्रेक्षक आले. हातात कागदी पेला घेतलेला एक जाडा माणूस उठून उभा राहत होता. मग पुन्हा मैदान, लांबून. ढोलाचा एक ठोकाही चुकला नव्हता. नॉर्बर्टला वाटलं, आपली पापणी मिटली असेल. त्याने मागे नेऊन पुन्हा बघितलं. जाडा माणूस पुन्हा उठला.

"चेश्लाक!" काउंटरवरच्या बाईने हाक मारली. "पुढची दोन्ही टायरं गेलीत हो. मागची हिवाळाभर ओढतील."

"कुठे गेली?" नॉर्बर्ट म्हणाला.

"कुठे म्हणजे? झिजली! बदलायची ना?"

"बदला," तो म्हणाला. पण तिने आपल्याला काय विचारलं हे त्याला गाडीत बसून निम्म्या वाटेवर आल्यावर कळलं.

नदीवरच्या पुलापाशी लाल दिव्याला तो थांबला. त्या भागात पूर्वी कातडी कमावण्याचे कारखाने होते. आता तिथे उंच खिडक्यांची महागडी घरं झाली आहेत, पण दमट हवेच्या दिवशी नॉर्बर्टला अजून तो वास येतो. इतर कुणाला येत नसावा. कारखान्यामागच्या डांबरी पटांगणावर पायलट्सचा सराव चाले. जून-जुलैत डांबर मऊ व्हायचं आणि बुटाच्या टाचा रुतायच्या. पन्नास-साठ बिगुल पाठमोरे वाजत असायचे, लांब कुठेतरी, दुसऱ्याच कुणासाठी. मग सगळी रांग एका पावलात वळायची, बिगुलांची तोंडं अंगावर यायची आणि आवाज छातीत घुसायचा. तो कानांना ऐकू येण्याच्या आधीच पोटात कळायचा. नॉर्बर्टकडे झांजा होत्या. पुढे उभं आयुष्य गिअरच्या कारखान्यात गेलं, कान अधू झाले, पण त्या वळण्याच्या आधीचा श्वास, साठ मुलांनी एकदम घेतलेला, तो अजून त्याच्या अंगात कुठेतरी अडकून होता. सोडायचा राहिलेला. त्याची बहीण रोझाली त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. ती बंदूकवाल्या मुलींत होती. बंदूक लाकडाची, पांढऱ्या चिकटपट्टीने गुंडाळलेली, चांगली जड. सराव झाला तरी तिचं मन भरायचं नाही. घरामागच्या गल्लीत, कचऱ्याच्या डब्यांमध्ये उभी राहून ती बंदूक गॅरेजच्या छपराच्याही वर फेकायची, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून आई ओरडायची, "रोझ, तारांना लागली तर अख्ख्या गल्लीचे दिवे घालवशील!" रोझाली वर बघतच उत्तर द्यायची, "मग गल्लीला सांग, मेणबत्त्या लावा आणि माझी कवायत बघा!" आणि बंदूक तिच्या हातात येऊन बसायची. झेलल्यासारखी नाही, घरी परतल्यासारखी. तळहातावर लाकूड आपटल्याचा तो चट्ट आवाज संध्याकाळी सगळ्या गल्लीला सवयीचा होता. म्हातारा शेजारी जेवणावरून उठून म्हणायचा, चला, पोरगी थांबली, आता झोपू.

राज्य स्पर्धेच्या दिवशी ती पडली. बंदूक. नॉर्बर्टने ते पाहिलं नाही. त्याची पाठ होती त्या बाजूला, नजर समोर, झांजा छातीशी. गवतावर लाकूड पडल्याचा आवाजही होत नाही. त्याने ऐकला तो प्रेक्षकांचा. हजारो माणसांनी जरासा श्वास आत ओढला, इतकंच. आणि तरी त्याला त्याच क्षणी कळलं की ही रोझ आहे. कसं कळलं, हे त्याने पुढे अनेकदा स्वतःला विचारलं. कदाचित तेव्हा कळलंच नसेल. नंतर समजलेलं मनाने मागे नेऊन तिथे ठेवलं असेल. पायलट्स एक दशांश गुणाने दुसरे आले.  परतीच्या बसमध्ये मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "चेश्लाकबाईंच्या कृपेने!" दोन-तीन जण हसले. रोझाली खिडकीला डोकं टेकवून बसली होती. काचेवर तिच्या कपाळाचा तेलकट ठसा उमटला होता. ती हळूच म्हणाली, "नॉर्ब, मी सोडली नाही रे. होती हातात. मग नव्हती." तो म्हणाला, "झोप आता." दुसरं काय म्हणणार? सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला त्या वाक्यातलं काय कळणार? पुढच्या वसंतात तिच्या हातून कप पडला. मग जिन्यावर पाय अडखळू लागला. मग एका डोळ्यापुढे धुकं आलं आणि डॉक्टरांनी नसांच्या आजाराचं लांबलचक नाव कागदावर लिहून दिलं, कारण आईला ते नुसतं ऐकून उच्चारता येईना. त्यानंतरची आठ वर्षं रोझाली पुढच्या खोलीत होती. आधी काठीवर, मग चाकाच्या खुर्चीत, मग पलंगावर. खोलीत टाल्कम पावडरचा आणि गरम झालेल्या हीटरचा वास असे. तिचं बोलणं जड झालं तरी टोमणे गेले नव्हते. आई प्रार्थना म्हणायला लागली की ती म्हणायची, "जरा मोठ्याने म्हण, वरच्याला पण ऐकायला कमी येतं." गेली तेव्हा बाहेर रस्त्यावर बर्फ उपसणारी गाडी फिरत होती आणि तिच्या पिवळ्या दिव्याचा झोत भिंतीवरून पुन्हापुन्हा सरकत होता.

तिचे फोटो आहेत. चर्चमधल्या पांढऱ्या झग्यातला, शाळेतला, पथकाच्या गणवेशातला. सगळ्यांत ती कुणीतरी सांगितल्यामुळे उभी आहे. हलणारी, श्वास घेणारी रोझाली फक्त त्या फिल्ममध्ये होती. स्पर्धा गावच्या टीव्ही केंद्राने एकदा दाखवली होती आणि मग आपली टेप पुसून तिच्यावर दुसरं काहीतरी घेतलं होतं. पण गॉर्डन फ्लूगरच्या मामाकडे घरी रेकॉर्ड करायचं यंत्र नवीनच आलं होतं. गॉर्डी पायलट्सचा पहिला ढोलवाला. भाच्याचा खेळ म्हणून मामाने ती टेप भरली, तो गेल्यावर ती गॉर्डीकडे आली आणि पंधराएक वर्षांपूर्वी गॉर्डीने ती इंटरनेटवर चढवली. नॉर्बर्टने ती पहिल्यांदा बघितली तेव्हा रोझाली जाऊन कितीतरी काळ लोटला होता. तोवर त्याचं लग्न होऊन मोडलंही होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्याने पाठीमागे घडलेलं पहिल्यांदा समोरून पाहिलं. उंच मुलगी, हनुवटीखाली टोपीचा पट्टा. बंदूक वर जाते, गरगरते, खाली येते, अगदी बरोबर खाली येते, हाताला लागते, आणि हात मिटत नाही. बंदूक गवतावर. आणि वाकून ती उचलण्याच्या आधी रोझाली आपल्या तळहाताकडे बघते. घाबरून नाही, शरमेने नाही. ओळखीच्या माणसाला हाक मारावी आणि त्याने वळूनही बघू नये, तेव्हा आपण बघतो तसं. मग वाकते, उचलते, पाऊल जुळवून रांगेत मिसळते. डॉक्टरांच्या आधी, आईच्या आधी, कपाच्या आधी, त्या मैदानावर, त्या आवाजात तिला कळलं होतं. आणि तिला कळलं होतं हे जगात फक्त नॉर्बर्टला माहीत होतं. तो रोज तिथे जाऊन यायचा. सांत्वनासाठी नाही, तसलं काही त्यात नव्हतं. कुणीतरी हजर असावं म्हणून.

घरी आल्यावर त्याने कोट न काढताच ल्युअ‍ॅनला फोन लावला. ल्युअ‍ॅन माटुशाक त्या रांगेत रोझालीच्या शेजारी असायची. नाताळात कार्ड पाठवण्यापुरती ओळख आता उरली होती.

"नॉर्ब? कोण गेलं?" तिने आधी तेच विचारलं.

"कोणी गेलं नाही. ल्यू, त्या दिवशी रोझच्या हातून पडली, तेव्हा तू तिच्याकडे बघितलंस?"

"अरे देवा. चाळीस वर्षांनी हे काय काढलंस?"

"बघितलंस का?"

"बघायची परवानगी होती का आपल्याला? नाक समोर, दात दाखवायचे. पण डोळ्याच्या कडेने दिसलं. रडत होती बिचारी."

"रडत नव्हती."

"मग तुला माहीत आहे तर मला कशाला विचारतोस? रडत होती, किंवा घाम असेल. तू ना, गॉर्डीची नवीन फिल्म बघ. काय सुंदर केलीय! माझ्या नातीला दाखवली. म्हणाली, आजी, तू चुकलीच नाहीस कुठे! मी म्हटलं, कुणीच नाही चुकलं, बाळा."

नॉर्बर्टने फोन ठेवला. मग तो टेबलाशी बसून डोळे मिटून बघू लागला. बंदूक वर जाते. गरगरते. खाली येते. आणि तिथे पहिल्यांदाच त्याला शंका आली. ती उजव्या हाताकडे बघते की डाव्या? पट्टा हनुवटीवर होता की ओठाखाली? रोज बघत होता म्हणून त्याने हे काही लक्षात ठेवलंच नव्हतं. देवळात रोज जाणाऱ्याला मूर्तीच्या हातात काय आहे असं अचानक विचारावं, तसं झालं. त्या आठवड्यात तो जितक्या वेळा आठवू लागला, तितकं ते पातळ होत गेलं. दोनदा तर रोझालीच्या जागी हातात पेला घेतलेला जाडा माणूस उभा राहिला.

रविवारी चर्च सुटायच्या सुमारास तो गॉर्डीच्या घरी गेला. दार मार्लिसने उघडलं. गॉर्डीची ही दुसरी बायको, ग्रीन बेकडची, ठेंगणी आणि बोलघेवडी. तिच्या हातात बेकरीतून आणलेलं गरम हॅमचं पुडकं होतं, काखेत पावांची पिशवी.

"ये, ये! वेळेवर आलास. हॅमवर पाव फुकट मिळतात म्हणून हा माणूस पलटण जेवेल इतकं आणायला लावतो आणि खातो चिमणीएवढं." मग तिने आवाज खाली आणला. "खाली आहे तो. बघून दचकू नकोस. उपचार बंद केलेत आता. डॉक्टर म्हणाले, घरीच रहा, आवडेल ते करा. आणि याला आवडणारं काय, तर ती फिल्म. सगळा हिवाळा त्या यंत्रासमोर. पण खरं सांगू? तिच्यासाठीच जगला तो. ती संपली नसती तर बरं झालं असतं असं वाटतं मला."

तळघरात उबट अंधार होता. भिंतीवर पायलट्सचा निळा कोट काचेत टांगलेला. गॉर्डी आरामखुर्चीत घोंगडी पांघरून बसला होता. गळ्याभोवतीची कातडी लोंबत होती, पण मनगटं अजून ढोलवाल्याची होती, रुंद.

"चेश्लाक! ये रे, झांजांच्या राजा. ऐकू येतं का काही, का खुणा करू?"

"तुझी बडबड तेवढी ऐकू येते."

"बघितलीस?" गॉर्डीचे डोळे चमकत होते. "एक-एक चित्र हाताने धुतलंय मी. गवताच्या रंगासाठी तीन आठवडे घातलेत."

"गॉर्डी, मला जुनी टेप हवी होती. एकदाच बघायला."

"ती नाही आता. बुरशी धरली होती रे. शेवटचं चालवताना यंत्राने गिळलीच. काढून फेकून दिली."

"आणि इंटरनेटवर होती ती?"

"ती पुसली. दोन-दोन कशाला? ती घाण बघून लोकांनी आपल्याला लक्षात ठेवायचं का?"  तो खुर्चीचा हात धरून पुढे झुकला. "तू का आलायस मला कळतंय. ऐक. इंटरनेटवर फिल्मच्या खाली लोक काय लिहायचे ते तू वाचायचास ना? मीही वाचायचो. 'हीच ती, हिने घालवलं.' 'हिला कुणी आत घेतलं?' कालची पोरं, मैदान बघितलेलं नाही, आणि मेलेल्या मुलीला हसतात. दर वेळी मी उत्तरं द्यायचो, भांडायचो. शेवटी म्हटलं, मी गेल्यावर कोण भांडणार तिच्यासाठी? म्हणून काढलं. तेवढाच तुकडा. ठोका चुकू न देता काढला, ते सोपं नव्हतं. तिच्यासाठी केलं मी ते, नॉर्ब. तुझ्यासाठी केलं."

नॉर्बर्टला रागवायचं होतं. गाडी चालवताना त्याने शब्द जुळवून आणले होते, तू कोण काढणारा, कुणाला विचारलंस. आता ते तोंडाशी आले आणि त्या लोंबत्या गळ्याकडे बघून तिथेच विरले. इतक्या मायेने आपलं कुणी काही लुटून नेलं तर ओरडायचं तरी कुणाच्या नावाने? तो एवढंच म्हणाला, "तू तो तुकडा नीट बघितला असशील. काढण्याआधी."

"शंभरदा. बरोबर जागी कापायचा होता ना."

"ती पडल्यावर, उचलायच्या आधी, तिने काय केलं?"

"काय करणार? वाकली, उचलली."

"हाताकडे नाही बघितलं? तळहाताकडे?"

गॉर्डीने कपाळाला आठ्या घालून आठवायचा प्रयत्न केला. त्याला मनापासून मदत करायची होती हे दिसत होतं. "हाताकडे... नाही रे. म्हणजे, सांगता यायचं नाही. तिथेच टेप सगळ्यात खराब होती. पांढऱ्या रेघा नुसत्या. तोंडाच्या जागी तर काही नव्हतंच, धुरळा. तोंड दिसलं असतं तर कदाचित मला कापवलं नसतं."

घर तापवणारी तळघरातली भट्टी सुरू झाली आणि पाइपांतून धप्प आवाज झाला. नॉर्बर्ट जिन्याच्या खालच्या पायरीवर बसला. धुरळा. रेघा त्यालाही आठवत होत्या, होत्याच त्या, पण तो त्यांच्या पलीकडे बघायचा. की त्यांच्यातच बघायचा? टेबलाशी, एकट्याने, इतकी वर्षं. कुणी हजर असावं म्हणून तो जिथे जात होता तिथे ती कधी होती का? की पांढऱ्या रेघांत त्यानेच तिला तळहात दिला, नजर दिली, तिला काही कळलं होतं असं ठरवून टाकलं? म्हणजे मग तिला काहीच कळलं नसेल. तिने नुसती पडलेली बंदूक उचलली असेल, इतर कुणीही उचलावी तशी, आणि बसमध्ये कपाळ टेकवून म्हणाली असेल ते खरोखर त्यालाच विचारलं असेल. होती हातात. मग नव्हती. आणि तो म्हणाला, झोप आता. आता विचारायला माणूस नाही, बघायला चित्र नाही. वरच्या मजल्यावर मार्लिसच्या सपाता फटफटत होत्या, चमचे वाजत होते. नॉर्बर्टला एकदम फार थकल्यासारखं वाटलं. दुःख झालं असतं तर बरं होतं. दुःखाला धरायला काहीतरी लागतं.

"लावू?" गॉर्डी म्हणाला. "मोठ्या पडद्यावर बघ. आवाज तुझ्या कानांना पुरेल इतका करतो."

फिल्म लागली. हिरवं मैदान, पांढऱ्या टोप्या. बिगुलवाल्यांनी पाठ फिरवली, लांब कुठेतरी वाजवत राहिले, मग वळले, आणि तळघर भरून गेलं. गॉर्डीची बोटं खुर्चीच्या हातावर ठोके धरत होती, एकही न चुकता. तिसरं गाणं आलं. जाडा माणूस उठला, मैदान पुन्हा लांबून दिसलं. गॉर्डी पुटपुटला, "बघ, कळतंय का कुठे? सांग, जिंकलो असतो की नाही?"

"असतो," नॉर्बर्ट म्हणाला.

"सहज!"

"सहज, गॉर्डी."

गॉर्डी हसला आणि मान मागे टेकवली. थोड्या वेळाने त्याची बोटं थांबली. नॉर्बर्टने घाबरून बघितलं, पण घोंगडी वर-खाली होत होती. नुसती झोप लागली होती. मार्लिस हॅम-पावाची बशी घेऊन जिना उतरली, नवऱ्याकडे बघितलं, त्याची घोंगडी हनुवटीपर्यंत ओढली आणि नॉर्बर्टच्या शेजारी पायरीवरच टेकली. पडद्यावर शेवटचं गाणं चालू होतं. कॅमेरा उंचावर गेला होता. मुलींची रांग मैदानाच्या कडेने सरकत होती. सगळ्या सारख्या, तोंडं तांदळाच्या दाण्याएवढी.

"ए," ती कुजबुजली, "यातली तुझी बहीण कुठली? हा कधी सांगतच नाही. विचारलं की विषय बदलतो."

नॉर्बर्टने रांगेवरून नजर फिरवली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग परत. त्यातली एक कुठली तरी होतीच ती. मार्लिस वाट बघत होती. त्याने हात लांब केला आणि बोट दाखवलं.

"ती. डावीकडून तिसरी."

"अगंबाई! किती ताठ चालते!"

"हो. ताठच चालायची."

डावीकडून तिसऱ्या मुलीने बंदूक वर फेकली. ती दिव्यांच्या उजेडात गरगरत खूप उंच गेली, खाली आली, आणि मुलीने ती अलगद झेलली. गॉर्डी जागा होऊ नये म्हणून मार्लिसने आवाज न करता टाळ्या वाजवल्या.